रुमालाखालचा हात

रूथताई,

तुला मातीआड करून आज बारा दिवस झाले. अकोल्याच्या कबरस्थानात त्या दिवशी ऊन असं होतं की पेटीचं ताजं पॉलिश खांदा देणाऱ्यांच्या शर्टांना लागत होतं. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना केली आणि म्हणाले, "आपल्या बहिणीला प्रभूने आज पूर्ण बरं केलं आहे. आता तिला दुखणं नाही, आजार नाही." सगळे आमेन म्हणाले. मला राहवलं नाही. मी मोठ्याने विचारलं, "मंग मेलं कोन?"

तुझ्या शुक्रवारच्या प्रार्थनेच्या बायांनी माझ्याकडे असं पाहिलं जसा काही मी कबरीत थुंकलो. एकीने पदर तोंडाला लावला. पाळक तरुण आहे, गोरामोरा झाला. खड्डा बुजवणारा माणूस फावडं हातात धरून थांबला, यांचं मिटलं की माती लोटू म्हणून. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सामू, निदान इथं तरी भांडू नको." पण तू काही म्हणणार नव्हतीस, आणि मला त्या सगळ्यांना तेच सांगायचं होतं. तू बरी झाली नाहीस, ताई. तू मेलीस. छातीतली गाठ घरच्यांपासून कित्येक महिने लपवून, ती फुटल्यावर स्वतःच्या हाताने पट्ट्या बदलत मेलीस. आणि तीस वर्षं नर्स होतीस तू.

आपल्या बाबांचा रुमाल तुला आठवत असेलच. बाबा बैलबाजारात दलाल होते. घेणारा आणि देणारा दोघांचे हात रुमालाखाली जायचे आणि भाव बोटांनी ठरायचा. तोंडाने एक शब्द नाही. भोवतीच्या बघ्यांना काही कळत नसे. समोरच्याची पाचही बोटं मुठीत धरून दाबली की झालं, तू म्हणशील तसं. हात काढून घेतला की त्या दिवसापुरतं बोलणं बंद. मग कोणी कितीही चहा पाजो, त्या दिवशी पुन्हा हात घालायचा नाही. दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात. बाबा चर्चला कधीमधी दांडी मारत, पण हा नियम त्यांनी मोडलेला मी पाहिला नाही.

आपण दोघं घरी टॉवेलखाली तोच खेळ खेळायचो. बोरं कोणी किती घ्यायची, नळावर कोणी जायचं, फुटलेल्या कपाचा मार कोणी खायचा. तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तुझे हात थंड, चेहरा दगडाचा. पाच बोटं तू कधी म्हणजे कधी धरली नाहीस. मीच कंटाळून धरायचो. पुढे मी जुन्या ट्रॅक्टरांच्या धंद्यात पडलो, धामणगाव रेल्वेपासून हिवरखेडपर्यंत सौदे केले, मोठमोठ्या बागाईतदारांना घाम फोडला. ते सगळं मी तुझ्यापुढे हरत हरत शिकलो होतो. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू भाव वाढवला असतास.

आता माझी तक्रार. तू मेलीस म्हणून ती मिटत नाही.

आठ वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, मंगलाला, अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी भाकरी थापता थापता उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. वय बेचाळीस. दवाखान्यातून तिला अमरावतीच्या घरी आणलं त्याच आठवड्यात तू अकोल्याहून टेम्पो करून तुझ्या अकरा बाया घेऊन आलीस. मला बरं वाटलं होतं, खरंच सांगतो. सगळ्यांसाठी पोहे करायला सांगितले होते. तुम्ही पलंगाभोवती उभ्या राहिलात, तू मंगलाच्या कपाळाला तेल लावलंस, गाणं झालं, प्रार्थना झाली. मग तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "या घरात पाप लपलं हाय. ते बाहेर निघत नाई तोवर ही उठत नाई. सामू, तोंड उघड."

"कोनतं पाप?"

"तुले मालूम हाय."

"मले नाई मालूम. तू सांग ना, तुले लय मालूम आसते तं."

आणि तू सांगितलंस. हिवरखेडच्या एका माणसाला मी ब्लॉक चिरलेलं इंजिन वेल्डिंग मारून, वरून रंग देऊन विकलं होतं. तुला ते कुठून कळलं? मीच सांगितलं होतं. नाताळात, तुझ्या हातच्या करंज्या खात, हसत हसत. भावाने बहिणीला सांगितलेली गोष्ट तू अकरा बायांसमोर माझ्या बायकोच्या पलंगावर मांडलीस.

मी तेलाची बाटली खिडकीतून भिरकावली. तुम्हाला हाकललं. पोह्यांची परात तशीच राहिली. पण तुम्ही मागे जे ठेवून गेलात ते मला हाकलता आलं नाही. मंगलाची वाचा गेली होती, कान गेले नव्हते. त्या दिवसापासून ती माझ्याकडे पाहायची आणि रडायची. व्यायाम करून घ्यायला एक पोरगी यायची, तिने चार महिने खपून मंगलाला बोलतं केलं. पहिलं सलग वाक्य जमलं तेव्हा ती पोरगी टाळ्या वाजवायच्या तयारीत होती. मंगलाने मला विचारलं, "मी... तुमची... शिक्षा हाय का?"

टाळ्या राहूनच गेल्या.

त्या इंजिनाचं पाप माझंच होतं, ताई. पुढच्या वर्षी मी त्या माणसाला दुसरं इंजिन बसवून दिलं आणि कोणाला बोललो नाही. पण ते इंजिन आणि मंगलाच्या मेंदूतली रक्ताची गुठळी यांची सांगड तू कोणत्या अधिकाराने घातलीस? लहानपणी संडेस्कूलमध्ये जन्मांध माणसाची गोष्ट तूच शिकवायचीस. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापाने, याच्या की याच्या आईबापाच्या? आणि प्रभू म्हणतो, कोणाच्याच नाही. गोष्ट सांगताना तू आम्हा पोरांना डोळे मिटायला लावायचीस, अंधार म्हणजे काय ते कळावं म्हणून. आम्ही मिटायचो. एवढी चांगली शिकवलेली गोष्ट तू स्वतः कधी विसरलीस?

मला वाटतं, भाऊजी गेले तेव्हा. त्याआधीची तू वेगळी होतीस. मी एकोणीस वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला. मी अमरावतीत एका गॅरेजच्या पोटमाळ्यावर पडून होतो. तू रजा काढून आलीस, इंजेक्शनं दिलीस, ओल्या कपड्याने अंग पुसलंस आणि सगळा वेळ तोंडातल्या तोंडात प्रार्थना पुटपुटत राहिलीस. उठून बसलो तेव्हा मी चिडवलं, "मी बरा कायनं झालो ताई, सुईनं का प्रार्थनेनं?" तू म्हणालीस, "बरा झाला ना? मंग चूप पेज पी." वॉर्डात तू गोळी हातावर ठेवून म्हणायचीस, "ही बी देवानंच देल्ली, गिळ आन आमेन म्हन," आणि कोणत्याही धर्माचा पेशंट असो, आमेन म्हणून गिळायचा. मग भाऊजी तुझ्याच वॉर्डात गेले. सगळी औषधं वेळेवर दिलेली, सगळ्या प्रार्थना केलेल्या. माणूस उगाच मरतो, कोणाचंही काही चुकलेलं नसताना मरतो, हे तुला सोसलं नाही. तेव्हापासून तू प्रत्येक खाटेखाली गुन्हेगार शोधायला लागलीस.

आठ वर्षं आपण बोललो नाही. मंगला मात्र माझ्यामागे तुला फोन करायची. गेल्या नाताळात तिने मला सांगितलं, "ताईले... गाठ हाय. पिकली."

जानेवारीत मी अकोल्याला आलो. तू कॉटवर बसून कापसाचे बोळे वळत होतीस आणि स्टीलच्या डब्यात रांगेने लावत होतीस, ड्यूटीवर असल्यासारखी. खोलीत वास होता. तू उदबत्ती लावली होतीस तरी होता. मी टेकलोही नाही. उभ्या उभ्या विचारलं, "आता सांग ताई. हे कोनाचं पाप?"

आठ वर्षं मी या वाक्याला धार लावत होतो. तू रडशील, नाहीतर उठून अंगावर येशील, दोन्हीची तयारी होती. तू बोळा वळणं थांबवलं नाहीस.

"तेच शोधून राहिली, सामू. दहा महिने झाले."

मग तू सांगितलंस. दर शुक्रवारी तू बायांसमोर एकेक पाप कबूल करत होतीस. वॉर्डातून दुधाच्या पावडरीचा डबा घरी आणला होतास. बाळंतपणात ओरडणाऱ्या एका पोरीला थोबाडीत दिली होतीस. सासूचं मरण मागितलं होतंस. दरवेळी गाठ जागेवरच. दरवेळी बाया म्हणायच्या, अजून काही असन बाई, आठवून पाहा.

"आता सापडूनच नाई राहिलं," तू म्हणालीस. "एकच उरलं. तुह्या घरी येऊन बोलली ते. मंगलानं मले कधीच माफ केलं. तू कर."

"आधी नागपूरले चाल. मोठ्या डॉक्टरले दाखव. मंग करतो."

"आधी कर. जखम आतून साफ केल्याबिगर वरून पट्टी बांधत नाई, सामू. नर्स हाय मी."

"नर्स हाय तं गाडीत बस."

"माफ कर, बसते."

"बस, मंग करतो."

दोन शब्द होते, ताई. त्या खोलीत म्हणालो असतो तर चहा गार व्हायच्या आत सगळं उरकलं असतं. पण माझा हिशेब वेगळा होता. तुला हवं असलेलं एकच माझ्या हातात होतं. ते देऊन टाकलं तर तू धुतल्या मनाने घरी बसशील आणि आनंदाने मरशील, असं मला वाटलं. तुला गाडीत बसवायचा तोच एक मार्ग होता. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला मजा येत होती. जन्मात पहिल्यांदा तुझी गरज मोठी होती आणि माझी लहान.

महिनाभर फोनवर तेच चाललं. मी विचारायचो, "बसतं का गाडीत?" तू विचारायचीस, "केलं का माफ?" आणि दोघांपैकी कोणीतरी फोन ठेवायचं. मंगला स्वयंपाकघरातून काठी आपटायची.

फेब्रुवारीत एका सकाळी तूच म्हणालीस, "ये. आन गाडी."

भावात तू आधी खाली उतरलीस. मला खरं वाटेना. नागपूरपर्यंत तू पाण्याशिवाय काही घेतलं नाहीस, एकदाच बोललीस, "ट्रॅक्टर इकून इकून गाडी बी ट्रॅक्टरावानी चालवतं." मी हसलो. तूही हसलीस, मग कूस धरलीस. डॉक्टरांनी तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "या स्वतः नर्स होत्या ना?" एवढंच. रोग हाडांत गेला होता.

बाहेरच्या बाकावर तू म्हणालीस, "बसली ना मी गाडीत? आता बोल."

तेव्हा मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण मी ते कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून लिहितो. मी भाव वाढवला. म्हणालो, "असं नाई. त्या अकरा बाया घेऊन माह्या घरी ये. त्याच खोलीत, मंगलासमोर म्हन का मी खोटं बोलली होती. मंग." डॉक्टरने नुकतंच सांगितलेलं माझ्या कानात होतं, तरी मी हे म्हणालो. समोरचा पहिल्यांदा खाली आला की तिथे सौदा तोडायचा नसतो, तो अजून खाली येतो, ही मला लागलेली सवय आहे. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "बाबाचा पोट्टा शोभतं लेका."

घरी जाऊन तू खरंच त्या बायांना विचारलंस. त्या म्हणाल्या, प्रार्थना करून सांगतो. तू जाईपर्यंत त्यांचं प्रार्थना करून सांगणं झालं नाही.

शेवटची दुपार. कूलर घरघरत होता आणि तुला थंडी वाजत होती. अंगावर चादर, वर शाल. मंगला उशाशी बसली होती. मी पायाशी. तू डोळ्यांनीच मला जवळ बोलावलंस आणि चादरीखाली हात सरकवलास. मला लगेच कळलं. मी हात आत घातला. तुझा हात पहिल्यांदा गरम लागला. तू माझं एक बोट धरलंस, मग दुसरं, आणि एकेक करत पाचही मुठीत घेतलीस आणि दाबलीस. जोर नव्हता. पण पाच होती, मी मोजली. बायाबिया काही नाही, अट काही नाही. तू म्हणशील तसं.

मी हात काढून घेतला.

म्हणालो, "बाया येतात का नाई ते सांग आधी." मंगलाला तिथेच ठेवलं आणि गाडी काढून अमरावतीला निघालो. मूर्तिजापूरपर्यंत मला जिंकल्यासारखं वाटत होतं. बडनेरा येईपर्यंत ते उतरलं. घरी पोचलो तेव्हा मनाशी ठरलं होतं, उद्या सकाळी जायचं आणि बोलून टाकायचं. एक दिवस तुलाही कळू दे, बस्स. सकाळी दूधवाला दारात असताना फोन वाजला. मंगलाचा होता.

पेटीचं झाकण लावण्याआधी मी पांढऱ्या चादरीखाली हात घालून तुझी बोटं धरली. लोकांना वाटलं, भाऊ निरोप घेतो आहे. बोटं आखडलेली होती, दोन जास्त वाकलेली, तीन कमी. दलालाचा पोर मी, त्यातही भाव शोधत बसलो.

नवव्या दिवशी तुझा पाळक अमरावतीला माझ्या ट्रॅक्टरांच्या यार्डात आला. मी त्याची वाटच पाहत होतो. खुर्चीसुद्धा दिली नाही. म्हणालो, "या. मारली ना माही बहीन तुमच्या तेलानं?"

तो उभाच राहिला. म्हणाला, "काका, मी त्यांना पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं, आत्या, दवाखान्यात जा. प्रार्थना मी करतो, पट्टी डॉक्टरला करू द्या. दोनदा घरी जाऊन सांगितलं. माझं ऐकलं नाही."

"काहून?"

"आधी म्हणाल्या, पाप सापडू दे. मग म्हणाल्या, भावाची माफी आधी."

"तं मंग मले बोलावलं काहून नाई?"

तो म्हणाला, "मीही तेच म्हटलं, फोन करा. तर म्हणाल्या, मीनं बोलावलं का तो भाव वाढवते."

मी त्याच्यासाठी खुर्ची मागवली. चहा मागवला. त्याच्यावर ढकलायला आठ वर्षांचं साठवून ठेवलं होतं, ते पुन्हा माझ्याकडेच आलं. तो जाताना म्हणाला, "कबरीवर तुम्ही विचारलं ना, मेलं कोण, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही." त्या बायांपेक्षा तो मला बरा वाटला.

उरली मंगला. मी हात काढून निघून गेलो, त्यानंतर तू तिच्याशी काहीतरी बोललीस. मातीवरून परतताना तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमी गेल्यावर... ताई बोलली." त्यानंतर बारा दिवस मी विचारतो आहे आणि ती सांगत नाही. गोडीने विचारलं, ओरडून विचारलं. तिचं एकच, "आधी... तुमी बोला. मोठ्यानं."

आज सकाळी मी तिच्या खोलीत गेलो. तीच खोली, तोच पलंग, बाटली फेकली ती खिडकी. ती डाव्या हाताने उजवा हात मांडीवर घेऊन बसली होती. मी खिडकीकडे तोंड करून म्हणालो, "माफ केलं, ताई."

"अजून," मंगला म्हणाली.

"अजून काय?"

"माफ... कर... म्हना."

मी नरमलेलो पाहिलं आणि तिने भाव वाढवला. माझ्याच घरात शिकली. मी दारापर्यंत गेलो, परत आलो. तोंडात शब्द आले, पण ते बाहेर निघायला किती वेळ लागतो ते आठ वर्षं तिचं बोलणं ऐकूनही मला माहीत नव्हतं. शेवटी म्हणालो. "माफ कर, ताई." मंगलाच्या इंजिनापासून... असं काहीतरी पुढे बोलायला लागलो होतो, शब्दांची सरमिसळ झाली, तिने हात वर करून थांबवलं.

मग तिने सांगितलं. एकेक शब्द जुळवत, नेहमीसारखं.

"ताई... हासली. म्हने... हात काढला ना त्यानं? म्हंजे... उद्या येते तो."

येणारच होतो, ताई. त्या संध्याकाळीच गाडीत डिझेल भरून ठेवलं होतं.